वाघिणीचं माहेर

सीमेवरच्या जंगलातले पाणवठे यंदा चैत्रातच आटले आणि वाघ पाण्यासाठी शेजारच्या राज्यात जाऊ लागले. हॉटेलमालकांचे पुढारी उदाजीराव ग्रामसभेत कडाडले, “सीमेवर कुंपण घाला! आमचे वाघ बघायला पर्यटक तिकडे जातात.”

पर्यटकांना जंगल दाखवणारी फुलवंती उईके चरकली. वाघांची पाण्याची वाटच बंद होणार होती. तरी ती शांतपणे म्हणाली, “घालू या, साहेब. पण आधी त्यांचे वाघ त्यांना परत करावे लागतील.”

“त्यांचे कुठले?”

“तुमच्या हॉटेलच्या पाटीवर जिचा फोटो आहे ना, त्या वाघिणीचं माहेर तिकडचं. ती याच वाटेनं आली.”

सभेत हशा पिकला. उदाजीराव खाली बसले. कुंपण बारगळलं आणि पलीकडच्या गावांना सोबत घेऊन पाणवठे भरायचं ठरलं.