पाकिटातलं भाकीत

प्राचार्य मोहरीर रसायनशास्त्राचे. भरसभेत गरजले, "समाजशास्त्र हे शास्त्रच नव्हे! शास्त्र भाकीत करतं. करून दाखवा, नाहीतर विभाग बंद!"

त्या विभागातली प्राध्यापिका शलाका उठली. तिनं चिठ्ठी लिहून पाकिटात घातली. "भाषणानंतर उघडा, सर."

सरांनी भाषणात आपला बुरसटलेला विनोद सांगितला. सभागृह खदखदून हसलं. मग पाकीट उघडून चिठ्ठी वाचली. "सर जुनाच विनोद सांगतील. सगळे हसतील; सर्वांत मोठ्यानं हसतील ते नोकरीत कायम न झालेले प्राध्यापक."

"योगायोग!" सर ओशाळून हसले. ते हसले म्हणून सभागृह पुन्हा हसलं. कायम न झालेले तर हसता हसता डोळे पुसू लागले.

"प्रयोग पुन्हा केला, निष्कर्ष तोच आला," शलाका म्हणाली. "तिसऱ्यांदा करायचा, सर?"

"नको, बाई! चालू ठेवा तुमचा विभाग!"