सुटल्या नावेला हाक नाही

कृष्णाकाठी करंजउतार नावाचा धक्का आहे. तिथून सुटलेल्या नावेला कोणी हाक मारत नाही. कुणाचा डबा राहो, कुणाचं माणूस राहो. असं का, ते गेनूतात्या भोई पाहुण्यांना पायरीवर बसवून सांगतात.

स्वातंत्र्यानंतरच्या एका पावसाळ्यात इथे एक अमेरिकन छायाचित्रकार आला होता म्हणे. त्यांच्याकडच्या साप्ताहिकांनी तेव्हा नवीच रीत धरली होती. दूरदेशची माणसं कशी जगतात ते लिहून सांगायचं नाही, पानभर छायाचित्रांनी दाखवायचं. कोणती चित्रं हवीत याची यादी संपादकच देई. या माणसाच्या यादीत एकच उरलं होतं: काठाकडे वळणारी नाव. माणूस वाईट नव्हता, हे तात्या आवर्जून सांगतात. इथली माणसं जगाला दिसावीत, असं त्याला खरंच वाटत होतं.

नावाडी होता लखू भोई.

“ह्या फाटक्या बंडीत फोटू नगं. सायबाला म्हणा थांब, लग्नातला फेटा काढतो,” तो साहेबाबरोबरच्या दुभाष्याला म्हणाला.

“गप ऱ्हावा. फेटा उंदरांनी कवाच नेला,” त्याची बायको भागू हसली.

तिला मनातून फार अप्रूप वाटत होतं. दहा वर्षं लखूनं साऱ्या मुलखाला पैलतीरी नेलं, पण उतरल्यावर मागं वळून त्याच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं. हा परका माणूस मात्र दिवसभर त्यालाच पाहत होता.

दुपारनंतर वर घाटात पाऊस झाला आणि पाणी गढूळ होऊन चढू लागलं. पलीकडच्या आडोशाला नाव बांधून ठेवावी म्हणून लखू एकटाच निघाला. तो मध्यावर पोचला आणि ढग फाटून ऊन पडलं. छायाचित्रकार धावत काठावर आला.

“वहिनी, तुमचा आवाज पोचेल,” दुभाषी म्हणाला. “त्यांना एकदाच वळायला सांगा.”

“पाणी चढतंय, भाऊ.”

“एकदाच. सारं जग पाहील त्यांना.”

भागूनं पाण्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. आणि हाक मारली, “अवं, माघारी या!”

दुसऱ्या कुणाची हाक असती तर लखू वळला नसता, असं सांगतात. वळताना नाव प्रवाहाला आडवी झाली. वाहत आलेला ओंडका तिच्यावर आदळला आणि ती उलटली. छायाचित्रकारानं कॅमेरा टाकून उडी घेतली. त्याला लोकांनी ओढून काढलं. लखू सापडला नाही.

तीन महिन्यांनी टपालानं अंक आला. दोन पानं भरून लखू होता, वल्हं रोवून काठाकडे पाहणारा. भागूनं शाळामास्तरांकडून खालची ओळ वाचून घेतली: ‘संध्याकाळी घरी परतणारा नावाडी.’

“परत वाचा,” ती म्हणाली. मास्तरांनी वाचलं.

“घरी म्हटलंय नव्हं? मग त्यास्नी कळवा, अजून पोचला न्हाई.”

त्यानंतर भागूनं कुणालाच हाक मारली नाही. लेकीला जेवायला बोलवायचं तरी उठून तिच्यापर्यंत जाई. काठावरच्या बायकांनी आधी तिच्यासमोर नावेला हाक मारणं सोडलं. ती गेल्यावरही त्यांचं तोंड उघडलं नाही.

आजही उघडत नाही. गेल्या मार्चात एका पोरीचं परीक्षेचं प्रवेशपत्र काठावरच राहिलं आणि नाव सुटली. तिच्या आईनं पदर खोचला, प्रवेशपत्राची प्लॅस्टिकची पिशवी दातांत धरली आणि एक शब्दही न काढता ती पाण्यात उतरली.