रानातली सोनेरी कातीण

पाय आत घ्या पांघरुणात. हं, ऐका. एक होतं बेट. चहूकडे समुद्र, मधे गर्द रान. त्या रानात एक कातीण राहायची. कातीण म्हणजे जाळं विणणारा कोळीच, बरं का. तिचं जाळं या झाडापासून त्या झाडापर्यंत, उन्हात सोन्यासारखं पिवळंधमक. मधोमध ती ऐटीत बसायची. म्हणायची, असं जाळं विणावं तर मीच. आणि ते खरंच होतं, उगीच नाही.

मग एकदा काय झालं, बेटावर राजा आला हवा खायला. रानात तंबू ठोकला. राजाची दासी चंपाक्का भारी टापटिपीची. दिवाळीला आपण घर झाडतो ना, तशी ती लांब झाडू घेऊन रानच झाडायला निघाली. राजा राहणार तिथे जळमटं कशी चालतील? तिनं जाळं ओढून काढलं.

कातीण रडली नाही. तिनं दुसरं विणलं, पहिल्याहून मोठं. तेही गेलं. मग तिसरं, त्याहून मोठं. तेही गेलं. मग मात्र तिला राग आला. अंड्यांची पुरचुंडी घेऊन ती उंच फांदीवर बसली. धागाच काढेना. पोटात भूक, पण मान ताठ.

संध्याकाळ झाली आणि आले डास. तंबू भरून गेला. धूर केला, जाईनात. राजाचं नाक सुजून बटाट्याएवढं झालं. तो चिडला. म्हणाला, सकाळी कुऱ्हाडी घ्या आणि हे रान तोडून टाका.

कातिणीनं ते वरून ऐकलं. रान गेलं तर पिल्लं राहणार कुठे? मग ती धाग्यावरून सरसर उतरली, ती थेट राजाच्या नाकासमोर.

"महाराज, डास धरते मी. माझं जाळं तुमच्या माणसांनी तीनदा मोडलं. रान ठेवा, मी पुन्हा विणते."

राजा वरमला. बक्षीस काय हवं, म्हणाला.

"बक्षीस कसलं? हे रान माझं आहे. पाहुण्यांना नीट झोप लागावी, हे माझंच काम."

मग तिनं असं जाळं विणलं की अख्खा तंबू झाकला. राजा घोरत पडला. सकाळी पुरचुंडीतून इवली इवली पिल्लं निघाली आणि झाडाझाडावर विणायला बसली. चंपाक्का झाडू टाकून चाकरांना दटावत होती, अरे, वाकून जा, जाळं तुटेल.

तिकडे सगळी सुखात राहिली. मिटा बघू डोळे आता तुम्हीही.