दाजीसाहेबांपुढे कोण धावायचं?

दाजीसाहेब घोरपडे एकेकाळचे नावाजलेले गोलकीपर आणि आता ज्युनियर हॉकी संघाच्या निवड समितीचे अध्यक्ष. भेटेल त्याला ते आपल्या जुन्या फायनलची गोष्ट सांगत, आणि ऐकणाऱ्याने जांभई दिली तर पुन्हा पहिल्यापासून सांगत.

मुलींचा संघ निवडताना त्यांनी एका नावावर काट मारली. "वैजयंता मडावी. वर्षभरात एकही गोल नाही! मला चेंडू नाचवणाऱ्या चपळ पोरी हव्यात. ही करते तरी काय?"

"पेनल्टी कॉर्नरला फटका मारणारीच्या अंगावर धावून जाते," प्रशिक्षक मुलाणीबाई म्हणाल्या. "चेंडू गुडघ्यावर घेते, पण गोलपर्यंत जाऊ देत नाही."

"ते कुणीही करेल!"

बाईंनी वाद घातला नाही. "बरं, साहेब, तुमची ती फायनल सांगा ना."

साहेब खुलले. "शेवटच्या पाच मिनिटांत सहा पेनल्टी कॉर्नर! एकही गोल होऊ दिला नाही मी!"

"तेव्हा तुमच्यापुढे कोण धावत होतं?"

"पास्कल. सहाही वेळा..." साहेब अडखळले. "चार चेंडू त्यानेच अंगावर घेतले. गुडघा फुटला बिचाऱ्याचा."

"आणि त्या वर्षी त्याचे गोल किती झाले होते, साहेब?"

साहेबांनी यादी ओढून वैजयंताचं नाव स्वतःच्या हाताने पुन्हा लिहिलं आणि फोन लावला. "पास्कल, मी दाजी. तुझे आभार मानायचे राहिले होते रे, चाळीस वर्षं."

आता साहेब फायनलची गोष्ट पास्कलच्या गुडघ्यापासून सुरू करतात. कुणी जांभई देत नाही.