गुलाबी रंगाखालचा खडक

"मग बाई, नकाशा खोटा म्हणायचा का?"

हृषीकेश बोरकुटे चिडलाच होता. फोनवरच्या भूगर्भाच्या नकाशात गुलाबी रंग म्हणजे सगळ्यात जुना खडक, आणि निळा ठिपका म्हणजे तो स्वतः. नकाशा बोटांनी मोठा करत करत त्यानं अख्खी स्क्रीन गुलाबी करून टाकली होती. ठिपका बरोबर मधोमध. आणि पायाखाली? नुसती लाल माती.

वत्सलाबाई खोब्रागडे मोहाच्या झाडाच्या सावलीत टेकल्या होत्या. सगळ्या गडचिरोलीचे खडक बाईंनी पायी हिंडून पाहिलेले. आता गुडघे गेले, म्हणून एकच शेवटचा शिष्य घ्यायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. अट एवढीच, की जुना खडक त्यानं स्वतः शोधून दाखवायचा. या पठ्ठ्यानं तर बाईंनी मला घेतलं म्हणून घरीदारी आधीच सांगून टाकलं होतं!

बाईंनी शांतपणे सांगितलं, की हा नकाशा मुळात लहान काढलेला. त्यातल्या एका रेघेची जाडीच इथं अर्धा कोस भरते.

"रंग मोठा केलास म्हणून खडक वर येत नाही रे. माती कोण उकरतंय ते बघ."

"इथं कोण उकरणार?"



त्यानं फोन खिशात टाकला. पहिल्यांदाच उताराकडं नीट पाहिलं, आणि ओढ्याकडं निघाला.

ओढ्याच्या वळणावर पाण्यानं माती खरवडून नेली होती. खाली काळपट, मळकट खडक, जमिनीत घट्ट रुतलेला. हृषीकेशनं बाटलीतलं पाणी त्यावर ओतलं, आणि गुलाबी-काळे पट्टे एकदम उमटले. तीनशे कोटी वर्षं! तेव्हा झाड नव्हतं, पाखरू नव्हतं, काही म्हणजे काही नव्हतं.

बाई काठी टेकत आल्या. काठीच्या आधारानं वाकून त्यांनी खडकावर तळहात ठेवला.

मग पिशवीतून आपला जुना हातोडा काढून त्यांनी त्याच्या हातात दिला. खडकाची वरची कातडी ऊनपावसानं मळते. खरा खडक फोडल्यावरच कळतो.

त्यानं घाव घातला. कपची उडाली, आणि आतले कण लखलखले. भिंग डोळ्याला लावून तो त्यावर पुरता ओणवा झाला.

"बाई, हे आजवर कुणीच पाहिलं नव्हतं. मी पहिला." भिंगावरून डोळा न काढताच तो म्हणाला. "आता तरी घेतलं ना मला?"

बाईंनी खडकाच्या त्या कोऱ्या जखमेकडं काठी रोखली. हृषीकेशची सावली नेमकी तिच्यावर पडली होती.

"आतल्या खडकानं अजून ऊन पाहिलेलं नाही. आधी तुझी सावली बाजूला घे."