ठकाईचा विस्तव

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. किती, ते विचारू नका, मला सांगणारीलाही ते ठाऊक नव्हतं. आमच्या केळकोंडात तेव्हा काडेपेटी पोचली नव्हती एवढं खरं. पावसाळ्यात चार-चार दिवस ऊन दिसायचं नाही, लाकडं भिजायची, चुली विझायच्या. मग बायका हातात खापर घेऊन लोहाराच्या भट्टीवर जायच्या आणि दोन निखारे मागून आणायच्या. भट्टी मात्र कधी विझायची नाही. सगळ्या गावाच्या भाकरी त्या एकाच आगीवर भाजल्या जात, असं म्हणतात.

भट्टीवर ठकू असायची, रावजी लोहाराची बायको. ठकाई म्हणायला लागले ते पुढं. भाता ओढायची, वेळ पडली तर घणही मारायची. अंगानं थोराड, तोंडानं फटकळ, पण हाताची सढळ. निखारा द्यायला तिनं कधी कुणाला ताटकळत ठेवलं नाही.

रावजी नांगराचे फाळ करी, विळे-कोयते करी, आणि बेड्याही करी. त्या काळी माणूस धरला की शिपाई त्याला आधी लोहाराकडं आणत, तिथं त्याच्या पायात बेडी ठोकत आणि मग घाटाखालच्या तुरुंगात नेत. आता आमच्या लोहारांच्यात एक समजूत होती. ज्याच्या पायात आपल्या भट्टीची बेडी, त्याच्या चुलीला आपला विस्तव द्यायचा नाही. चूल आणि बेडी एका आगीची झाली, तर लोखंड त्या घराचं होतं, बेडी आपोआप सुटते, आणि कैदी पळाला म्हणून लोहाराची मान अडकते. लोहार देत नाही म्हटल्यावर गावही देत नसे. आधीपासून त्या चुलीत आग भट्टीचीच होती, हे कुणाच्या डोक्यात शिरलं नाही. माणूस भ्यालं की असंच करतं.

एका आषाढात सुभाना धनावड्याला धरला. त्यानं काय केलं होतं? सांगणार नाही. तुमच्या ओठावर आलेलं दिसतंय मला. गिळा ते. का गिळायचं ते पुढं कळेल.

रावजीनं बेडी ठोकली आणि सुभाना खाली मान घालून घाट उतरला. मागं राहिली त्याची बायको हौसा, सहा वर्षांची लेक आणि अंगावरचं तान्हं. आठवड्यानं पावसाची झड लागली आणि हौसाची चूल विझली. ती खापर घेऊन भट्टीवर आली.

ठकूनं नवऱ्याकडं बघितलं. रावजीनं तोंड फिरवलं.

"आमच्यात देत नाहीत गं हौसा," ठकू म्हणाली. "बेडी सुटली तर ह्यांच्या जिवावर बेतंल."

हौसा भांडली नाही. रिकामं खापर पदराखाली धरून माघारी गेली. आणखी चार दारांत उभी राहिली, पण तिथंही तेच. मग मायलेकींनी भिजवलेली नाचणी चावून दिवस काढले. भिंतींना ओल, अंगावरची धडुती ओली, शेकायला आग नाही. चौथ्या दिवशी तान्हं गारठून गेलं. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात. इथं तर जळायलासुद्धा काही नव्हतं.

त्या दुपारी ठकू हौसाच्या घरी गेली. आत पाय टाकला आणि तिची नजर चुलीवर गेली. चूल शेणानं सारवलेली होती. लाकडं रचलेली होती, वर पाण्याचं पातेलं चढवलेलं होतं. चारी दिवस हौसा रोज सकाळी उठून चूल सारवत होती, लाकडं रचत होती आणि कुणीतरी येईल म्हणून वाट बघत होती. ठकू त्या चुलीपुढं मटकन खाली बसली आणि ऊर बडवून रडली. हौसानं तिला ना घालवलं, ना उठवलं.

दुसऱ्या दिवशी फटफटल्यावर ठकूनं भट्टीतले निखारे खापरात भरले.

"बेडी सुटली तर?" रावजी म्हणाला.

"सुटू दे," ठकू म्हणाली आणि पावसात निघाली.

गावानं तिला बोल बोल बोलून घेतलं. कुणी लोहाराला काम देईना, कुणी तिच्याशी बोलेना. ठकू कसली ऐकते. रोज सकाळी खापर घेऊन जायची, चूल पेटवायची आणि पाण्याला आधण येईपर्यंत तिथंच बसायची. पुढं आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांत जिथं जिथं कुणाचा माणूस आत गेला, तिथं तिथं ती जायला लागली. डोंगर चढायची, ओढे ओलांडायची. घरात शिरल्यावर एकच बोलायची, "पाणी चढव." माणसानं काय केलं, हे तिनं एकाही घरात विचारलं नाही. धो धो पावसात तिचा निखारा विझत नसे, असं म्हणतात. एकदा खापर फुटलं, तर तिनं निखारा तळहातावर नेला आणि हाताला फोडसुद्धा आला नाही, असंही म्हणतात. मला विचाराल तर फोड आला असणार, पण तिनं दाखवला नसणार.

आणि बेड्या? एकही सुटली नाही. खुळ्या समजुतीपायी एक लेकरू गेलं होतं.

नऊ वर्षांनी सुभाना सुटून आला. केस पिकलेले, पाय फेंगडे झालेले. तो घरी गेला नाही, आधी भट्टीवर आला. ठकू भाता ओढत होती.

"ठकूवैनी," तो म्हणाला, "रोज सकाळी माझ्या पायातली बेडी कोमट व्हायची. मला कळायचं, घरी चूल लागली. मग माझ्या घशाखाली घास उतरायचा." मग म्हणाला, "पहिल्या पावसाळ्यात चार दिवस ती गार पडली होती. तेवढं सांगा, काय झालं होतं?"

भाता थांबला. ठकूला खोटं बोलता आलं असतं. पाऊस फार होता म्हणाली असती, तरी भागलं असतं. पण तिनं सगळं सांगितलं. हौसा खापर घेऊन आली होती, मी दिलं नाही, तुमचं तान्हं गेलं.

सुभानानं ऐकून घेतलं. उठला आणि घरी गेला. त्यानंतर तो भट्टीची पायरी कधी चढला नाही, ठकूशी कधी बोलला नाही. तिनं माफी मागितली नाही आणि त्यानं दिली नाही. काही गोष्टींना माफी नसते बाबांनो, उगाच कुणी काही सांगतं. ठकूनं मात्र खापर सोडलं नाही, पुढची वीस वर्षं सोडलं नाही.

ती गेली तेव्हा रावजी आधीच गेलेला होता. पोटी मूल नव्हतं. तिरडीपुढं विस्तवाचं मडकं कुणी धरायचं, म्हणून माणसं एकमेकांकडं बघत उभी राहिली. तेवढ्यात म्हातारा सुभाना घरातून आला, हातात मडकं, मडक्यात त्याच्या चुलीतला निखारा. आणि तिच्यापुढं चालायला लागला. त्या दिवशी मसणवट्यापर्यंत पाऊस होता आणि मडक्यातून धूर निघत होता, असं म्हणतात.

आता भट्टी नाही, तिथं नुसता दगडी ओटा आहे. घरोघर गॅस आला. पण केळकोंडात अजून कुणाचा माणूस आत गेला, की दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारीण खापरात निखारे घेऊन येते. त्यावर चहाचं पातेलं ठेवतात आणि चहा उकळेपर्यंत ती बसते. रोज एक घर, पाळीपाळीनं, माणूस सुटून येईपर्यंत. एक दिवस चुकवत नाहीत. आणि काय केलं, हे विचारत नाहीत.

आमच्या दारात खापर अकरा महिने येत होतं. धाकट्यापायी. विचारू नका म्हटलं ना.

तो आला तेव्हा मी त्याला विचारलं, "सकाळी पायाला काही ऊब लागायची का रे?"

"आई, आता बेड्या घालत नाहीत," तो म्हणाला. मग चहाचा कप दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, "पण सकाळी कळायचं."