पाच पायांची मुंगी

एका राज्यात, जिथे पाखरं बोलायची आणि माणसं ती ऐकायची, दुर्पा नावाची पाथरवटीण राहत होती. तिची टाकी जनावरांखेरीज दुसरं काही घडवीत नसे. सात वर्षांची असताना तिनं फुटक्या पाट्यातून शेळी कोरली, तर शेजारचं करडू तिला लुचायला आलं.

तिची रीत अशी. बैल घडवायचा तर आधी तीन दिवस गोठ्यात राहायचं, त्याच्या फासळ्यांवरून हात फिरवायचा, मग दगडाला हात लावायचा. डोळे सगळ्यांत शेवटी उघडायचे आणि पोटाखाली मुंगी कोरायची, ती दुर्पाची खूण. आई सांगून गेली होती, "जनावराचं रूप आपण मागून घेतो, पोरी. कुणी घेतलं ते त्याला कळायला हवं. नाव मुंगीएवढं, जबाब हत्तीएवढा."

चाळीस वर्षं ती उन्हात दगड फोडत राहिली. बोटं वाकली, छातीत धूळ बसली. राजवाड्याच्या दारी तिचा बैल, तिचा घोडा, तिची हत्तीण उभी राहिली. परमुलखातून लोक बघायला येत आणि दुर्पाचं नाव घेऊन जात.

राजा प्रतापसेनाला ते सोसेना. दरबारचा मांत्रिक धूम्रनाथ म्हणाला, "महाराज, डोंगर आपला, दगड आपला. मग मूर्ती कुणाच्या?"

झालं. तिन्ही मुंग्या खरवडल्या आणि हातभर अक्षरांत राजाचं नाव कोरलं. घट्टे कुणाच्या हाताला, अन् नाव कुणाचं? ज्याच्या पायाला कधी दगडाची कपची लागली नाही, त्याचं. आणि सारा दरबार माना डोलावत उभा.

दुसऱ्या दिवशी राज्यातल्या गायी वासरांना ओळखीनात. घोड्यांना तबेल्याची वाट सापडेना. आपल्याला सोंड आहे हेच हत्ती विसरले आणि नदीत उभे राहून तहानलेले राहिले.

राजानं दुर्पाला धरून आणवलं. "चेटकिणी, शाप काढ. नाहीतर उजवा हात तोडीन."

तेव्हा वाड्याच्या दाराच्या कमानीवरून भारद्वाज पक्षी बोलला, "शाप तिचा नाही. ज्याचं नाव, त्यानं जबाब द्यावा. तीन मूर्ती तीन सवाल पुसतील. राजा चुकला तर त्यांचा दगड त्याच्या अंगात चढेल."

"महाराजांना सगळं ठाऊक असतं," धूम्रनाथ म्हणाला आणि दोन पावलं मागे सरला.

दगडी बैलानं मान वळवली. "राजा, माझी कुठली फासळी मोडकी?"

"बैलाच्या फासळ्या कोण मोजतो?" राजा म्हणाला आणि गुडघ्यापर्यंत दगड झाला.

घोडा म्हणाला, "माझा एक कान मागे का?"

"शोभेला." कंबरेपर्यंत दगड.

हत्तीण म्हणाली, "माझ्या डोळ्याखाली रेघ कशाची?"

"पावसाच्या पाण्याची." दगड छातीला भिडला.

राजानं दुर्पाकडे बघितलं. "बाई, तू सांग."

"आता बाई झाले होय? मघाशी चेटकीण होते," दुर्पा म्हणाली. "बैलाची डावीकडची तिसरी फासळी. तुमच्या रथाखाली मोडली. घोड्याचा कान मागे, कारण चाबूक मागून येतो. आणि हत्तिणीचं पिल्लू तुमच्या शिकारीत गेलं. तीन दिवस मी तिच्यापाशी होते. तुम्ही कुठं होतात?"

राजानं मान खाली घातली. "माझं नाव काढून टाक."

"मी का? ज्यानं घातलं त्यानं काढावं." तिनं आपली टाकी त्याच्या हातात दिली.

मूर्ती सरकत त्याच्या पुढ्यात आल्या. राजानं नाव खरवडलं. मग मुंग्या कोरल्या. हातोडा अंगठ्यावर बसला, तळहाताला फोड आले. एकेक मुंगी झाली तसा दगड उतरत गेला. गायी वासरांना चाटू लागल्या, घोडे घरी परतले, हत्तींनी सोंडा भरून पाणी पिऊन घेतलं. धूम्रनाथाची रवानगी खाणीवर झाली, कपच्या वेचायला.

पण मुंग्या सगळ्या वेड्यावाकड्या. हत्तिणीखालच्या मुंगीला तर पाचच पाय. राजा ओशाळून म्हणाला, "दुर्पाबाई, सहावा पाय तू काढ. तुझा हात चांगला."

"नाही महाराज. ती मी केलेली नाही. तुमची आहे, तुमच्या नावावर राहू द्या."

अजून आहे ती. सबंध राज्यात राजानं स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तू त्या तीन मुंग्याच. जशी त्याची करणी त्याच्या नावे राहिली, तशी तुमची तुमच्या नावे राहो.